सव्वा तास जाताना, दीड तास येताना

आमच्या शेजारच्या दारातले कवळीकाका या वयात दुसरं लग्न करताहेत, ही बातमी तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर लिफ्टच्याही आधी पोहोचली. पुरावा भक्कम होता. गृहस्थ विधुर. दर दोन-तीन महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून भल्या सकाळी विमानतळाकडे निघणार आणि दोन दिवसांनी खुशीत परत येणार. गेल्या खेपेला तर कहरच झाला. हातातल्या पिशवीत मऊ कापडात गुंडाळलेली एक निळी डबी होती. तळमजल्यावरच्या शिलाईवालीने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि निकाल दिला, "अंगठी आहे."

मी म्हटलं, "अगं, अंगठीला एवढी मोठी डबी?"

"मग सेट असेल."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. डबीत सेटच होता. वरचा आणि खालचा, मिळून अठ्ठावीस दातांचा. ज्या बाईसाठी तो चालला होता ती काकांची थोरली बहीण, वय वर्षं पंचाहत्तरच्या पुढे. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात. आमच्या इमारतीत आधी दात दिसले आणि मग सगळे हसले. शिलाईवाली तेवढी दिवसभर गप्प होती. बातमी चुकली याचं तिला दुःख नव्हतं, साडी घ्यायचं निमित्त हुकलं याचं होतं.

आता काका कोण ते सांगते. त्यांच्या घराची बाहेरची खोली म्हणजे त्यांची डेंटल लॅब. तशी पाटीही आहे दारावर. शहरातले दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांची मापं त्यांच्याकडे पाठवतात आणि काका त्यावर कवळ्या बनवतात. खोलीत तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे पांढरेफटक जबडे. प्रथम येणारा माणूस उंबऱ्यातच थबकतो. एवढी माणसं एकदम आ वासून बघताहेत म्हटल्यावर कोणाचीही दातखिळी बसेल. टेबलावर स्पिरिटचा छोटा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, बारीक सुऱ्या आणि डब्यांत रंगवार लावलेले सुटे दात. कवळीत दात अठ्ठावीसच का, असं मी एकदा विचारलं होतं. काका म्हणाले, "अक्कलदाढा बसवत नाहीत, वहिनी. त्या वयात अक्कल बाहेरून घालून उपयोग नसतो."

माझ्याशी बोलताना काकांनी आजवर एकदाही माझ्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. ते माझ्या उजवीकडच्या वरच्या दाढेकडे पाहतात. मी काही मजेशीर सांगितलं की ते हसत नाहीत, मी हसायची वाट बघतात. तेवढीच आणखी एक दाढ दिसते. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं की बाकीचे मुलाचा पगार विचारतात. काका विचारतात, "चावा कसा आहे?" सूनबाईंना त्यांनी मुलासाठी पसंत केलं तेही हसण्यावरून, असं सूनबाईच सांगतात. "मी नाव सांगायच्या आधी बाबा म्हणाले, ठरलं!"

त्या खोलीत खिडकीजवळ एक खुर्ची आहे. उंच पाठीची, हिरव्या गादीची, दोन्ही बाजूंना हात टेकायला रुंद पट्ट्या. मी एकदा आपली सहज टेकायला गेले, तर काका सुरी हातात घेऊनच उठले.

"तिथे नको, वहिनी. ती अक्काची आहे."

"अरे वा. अक्का कधी आल्या होत्या?"

"अजून नाही आली."

खुर्ची घेऊन किती वर्षं झाली असतील देव जाणे. गादीचा हिरवा रंग उन्हाने एका बाजूला फिका पडला होता. त्यावर अक्का सोडून सूर्य तेवढा बसून गेला.

ही अक्का म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. विषय गणित. आई लवकर गेली तेव्हा काका अर्ध्या चड्डीत होते. त्यांना वाढवलं, शिकवलं, पाढे घोकून घेतले ते अक्काने. भावाला दातांचा डॉक्टर करायचं तिच्या मनात होतं. काकांनी कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि दात बनवायला घेतले. अक्का त्या दिवशी म्हणाली होती, "बाळ्या, शेवटी दातांचं दुकान टाकलंस." तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "दुकान कसं चाललंय?" काका पाटी रंगवून लॅब म्हणोत, छापील कार्डावर लॅब म्हणोत, अक्काच्या लेखी ते दुकान. काकांच्या हातच्या कवळ्यांनी अर्धं शहर जेवतं, पण त्यांना हवं होतं एकच: अक्काने एकदा यावं, त्या खुर्चीत बसावं आणि खोली पाहावी. म्हणायचे नाहीत ते तसं. पण दर खेपेला परत आले की आधी त्या गादीवरची धूळ झटकायचे.

आणि अक्का का येत नव्हती? पाय धड होते, पैसा होता, भावावर माया तर होतीच होती. आड येत होतं विमानाचं वेळापत्रक.

दोन शहरांमधलं अंतर हवेतून जेमतेम सातशे किलोमीटर. पण इथून तिकडे जायला विमानाला सव्वा तास लागतो आणि तिकडून इकडे यायला दीड. वर उंचावर वारा म्हणे तिकडच्याच दिशेने वाहतो. जाताना तो पाठीवर हात ठेवतो, येताना छातीवर. काका या घरात राहायला आले आणि त्यांनी अक्काला पहिल्यांदा बोलावलं, तेव्हा अक्काने वेळापत्रक मागवून घेतलं, चष्मा लावला आणि फोनवर न्याय केला.

"बाळ्या, तुझ्याकडून माझ्याकडे सव्वा तास. माझ्याकडून तुझ्याकडे दीड. म्हणजे माझं घर तुला जवळ आहे आणि तुझं घर मला लांब आहे. ज्याला जवळ पडतं त्याने यावं. वारासुद्धा हेच म्हणतोय."

काका म्हणाले, "बरं, अक्का."

झालं! तेव्हापासून दर वेळी हेच. काका बोलावणार, अक्का वाऱ्याचा हवाला देणार, काका "बरं, अक्का" म्हणून तिकीट काढायला सांगणार. मला त्या न्यायात काहीतरी खटकायचं. पण गणितात मी काठावर पास झालेली बाई, आणि पलीकडे साक्षात मुख्याध्यापिका. म्हटलं, असेल बाई तसंच.

तर एका सकाळी अक्काची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. जोडून भागण्यातलं ते प्रकरण नव्हतं. हिरड्या आटल्या होत्या, कवळी आधीच सैल झाली होती. नवीच करायला हवी. आणि पुढच्या रविवारी अक्काच्या शाळेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन, त्यात मुख्य भाषण अक्काचं. तिच्या हाताखाली शिकलेली, आता केस पिकलेली मुलं लांबलांबून यायची होती.

काकांचा फोन स्पीकरवर असतो आणि आमच्या दोघांत भिंत एकच, त्यामुळे मला कान लावावा लागला नाही.

"अक्का, तिथल्याच कोणा डॉक्टरला दाखव ना. आठवडाभरात करून देतील."

"माझ्या तोंडात परक्या माणसाचं काही नको." बिनदातांची असूनही आज्ञा आज्ञेसारखीच निघाली. "तू कर. आणि वेळेत कर."

कवळी सैल वाटते म्हणून मागच्या भेटीत घेतलेले अक्काच्या जबड्यांचे नवे साचे काकांच्या कपाटात होतेच. त्यावर त्यांनी दात मांडले. या कामात दात आधी मेणात बसवतात. ते मेणाचे दात त्या माणसाच्या तोंडात घालून बघायचे, कुठे लागतंय, कुठे सैल आहे, बोलताना शीळ वाजते का ते पाहायचं आणि मग मेण काढून त्याच्या जागी पक्कं प्लास्टिक भरायचं. मग काकांनी बेत आखला: मंगळवारी मेणाचे दात घेऊन जायचं, बघून परत यायचं, पक्के करायचे, शनिवारी पुन्हा जाऊन बसवायचे.

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, दिवस उन्हाचे आहेत. मेण टिकेल?"

"सव्वा तासाचं तर काम आहे!"

तरी सूनबाईंनी पाणी गोठवलेली बाटली डबीला चिकटवून दिली. शिलाईवालीने पाहिली ती हीच डबी.

पुढचं काकांनी परत आल्यावर मला सांगितलं. मी त्यात घातलंच असेल तर चिमूटभर मीठ.

विमानतळावर पिशवी तपासणीच्या यंत्रात गेली आणि यंत्रामागची मुलगी खुर्चीतून अर्धी उठली. पडद्यावर पिशवीच्या आतून कोणीतरी हसत होतं. साहेब आले, डबी उघडली.

"हे कोणाचे?"

"माझ्या बहिणीचे."

"मग बहीण कुठे आहे?"

"घरी. दातांची वाट बघतेय."

साहेबांनी दात सोडले, पण बाटली ठेवून घेतली. बर्फ निम्मा विरघळला होता, आणि पाणी आत न्यायची परवानगी नव्हती. काकांनी विचार केला, आता डबी पिशवीत ठेवली तर कोणी वर बॅग आदळेल, मांडलेले दात हलतील. म्हणून त्यांनी डबी काढून कोटाच्या आतल्या खिशात, अगदी छातीशी ठेवली. अक्काचे दात! जिवापाशीच ठेवायचे. मेणासाठी यापेक्षा वाईट जागा चुलीशिवाय दुसरी नव्हती, हे उभा जन्म मेणात घालवलेल्या माणसाला त्या क्षणी सुचलं नाही. माया आली की धंदा कसा विसरतो बघा.

विमानाने शब्द पाळला. सव्वा तासात उतरलं. पण विमानाचं काय, त्याला अक्काच्या घरी जायचं नसतं. खाली टॅक्सी मिळाली ती बिनएसीची, आणि रस्त्यावर कुठलंसं खोदकाम. काका उन्हाच्या बाजूला, कोट घालून, एक हात छातीवर. ड्रायव्हरने आरशातून तीनदा पाहिलं आणि शेवटी घाबरून विचारलं, "काका, हॉस्पिटलला घेऊ का?"

"नको, दात आहेत," काका म्हणाले. त्यानंतर ड्रायव्हर मागे वळला नाही. आकाशात सातशे किलोमीटर गेले तेवढ्याहून जास्त वेळ त्या शेवटच्या वीस किलोमीटरला गेला.

अक्का तोंडाला रुमाल लावून दारातच उभी. काकांनी डबी उघडली. वरचे पुढचे चार दात एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. एक सुळा भलतीकडे तोंड करून उभा होता. खालची सगळी रांग वितळून एका कडेला गोळा झाली होती.

अक्काने चष्मा लावून पाहिलं. "हे दात आहेत की मधली सुट्टी?"

तिथे बसून नीट मांडावेत तर साचे इथल्या कपाटात, दिवा आणि सुऱ्या विमानात नेता आल्या नव्हत्या. परत येऊन पुन्हा मेण, पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. तोवर रविवार उलटून गेला असता. काकांनी डबी मिटली. मग म्हणाले, "अक्का, एकच मार्ग आहे. तू माझ्याबरोबर चल. तिथेच बसून मापाने करू. शनिवारी तुला दातांसकट पोचवतो."

"तुझं घर लांब आहे," अक्का रुमालातून म्हणाली. "सव्वा तास आणि दीड तास, तुला माहीत—"

आणि इथे काकांनी जन्मात पहिल्यांदा अक्काला मध्येच तोडलं.

"अक्का, मी तुझ्याकडे येतो तेव्हा सव्वा तासात येतो आणि दीड तासात परत जातो. पावणेतीन. तू माझ्याकडे आलीस तर दीड तासात येशील आणि सव्वा तासात परत जाशील. तेही पावणेतीनच. घरी तर दोघांनाही परतायचंच असतं ना?"

बोलून गेल्यावर काकांना एकदम आपण वर्गाबाहेर उभे आहोत असं वाटलं. अक्का खिडकीकडे तोंड करून बसली. काही वेळाने उठली, आतल्या खोलीत गेली. काका म्हणतात, आता पट्टी आणते की काय असं वाटून त्यांनी नकळत हात मागे घेतले. अक्का बाहेर आली ती बॅग घेऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्ट उघडली आणि उंच, ताठ, तोंडाला रेशमी स्कार्फ बांधलेल्या बाई बाहेर आल्या. मागून काका दोन बॅगा घेऊन. मी योगायोगाने दारातच होते. म्हणजे सकाळपासून होते.

अक्काने दारावरची पाटी वाचली. आत गेली. तिन्ही भिंतींवरच्या जबड्यांची एकेक रांग नजरेने तपासली, जशी प्रार्थनेच्या वेळी मुलांची तपासायची असेल. एका जबड्यावर बोट ठेवून विचारलं, "हा वाकडा का?"

"माणूसच तसा आहे, अक्का. डावीकडून चावतो."

"हं."

मग खिडकीजवळ गेली, हिरवी गादी हाताने दाबून पाहिली आणि बसली. काका तेव्हा दिवा पेटवत होते. काडी तीनदा विझली. पंख्याचं वारं होतं, असं ते म्हणतात. पंखा बंद होता, असं सूनबाई म्हणतात.

काम सुरू झालं. काका सुरी दिव्यावर धरायचे, मेणाचा एक थेंब सोडायचे, दात केसभर सरकवायचे, अक्काच्या तोंडात बसवायचे. "बोल काहीतरी." बोलून बघितल्याशिवाय कवळी कळत नाही, 'स' आणि 'ष' म्हणताना हवा सुटली की शीळ वाजते. अक्का म्हणाली, "काय बोलू?" काका म्हणाले, "सतराचा पाढा म्हण."

मी सूपचा वाडगा घेऊन दारात, सूनबाई आतल्या दारात. अक्काने पाठ ताठ केली. सतरा, चौतीस, एकावन्न छान गेले. अडुसष्टला मात्र अशी लांब शीळ वाजली की खालून कोणाच्या तरी कुत्र्याने ओ दिली.

काकांचे खांदे हलायला लागले. अक्काने डोळे वटारले. "हसतोस काय? लहानपणी तूही इथेच अडकायचास."

"आणि तू मला उभं करायचीस."

"मग मी उभी राहू?"

"बस, बस! तू बस, अक्का."

काकांनी दोन दात तासले. पुन्हा पाढा. पुन्हा शीळ, पण लहान. पुन्हा तासणं. संध्याकाळपर्यंत अडुसष्ट असं स्वच्छ निघालं की आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. सूप गार झालं होतं, अक्का ते तसंच प्यायली आणि मला म्हणाली, "मीठ कमी आहे." मुख्याध्यापिकेकडून एवढी शाबासकी पुष्कळ झाली.

पुढचे दोन दिवस मेण निघालं, प्लास्टिक भरलं, उकळलं, घासलं, चमकलं. अक्का सगळा वेळ त्या खुर्चीत. काय करतोस, का करतोस, आधी हे का नाही केलंस, असे प्रश्न चालू. काका उत्तरं देत होते आणि मधूनच काम थांबवून नुसते खुर्चीकडे बघत होते. त्या दोन दिवसांत त्यांनी माझ्या दाढेकडे एकदाही पाहिलं नाही.

इकडे खाली नवी बातमी तयार झाली. शिलाईवालीचं म्हणणं, काकांनी मेण मुद्दाम वितळवलं, अक्काला आणायला. नाक दाबलं की तोंड उघडतं! मी तडक काकांना विचारलं. म्हणाले, "वहिनी, अठ्ठावीस दातांची शपथ, नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण आधी सुचलं असतं तर कित्येक वर्षांपूर्वीच उन्हात ठेवलं असतं."

रविवारचं भाषण झक्क झालं म्हणे. चांगलं तासभर चाललं, आणि एकदाही शीळ नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर आहे तो शनिवारचा निरोप. नवी कवळी तोंडात, स्कार्फ खांद्यावर, अक्का जिन्याच्या तोंडाशी उभी. टॅक्सीवाला बॅग शोधत वर आला, तर त्याला म्हणाली, "ती बघा, तिथे, माझ्या भावाच्या लॅबच्या दारात ठेवली आहे."

काकांनी ते ऐकलं. मी त्यांना बघत होते म्हणून सांगते, ऐकलं. बॅग स्वतःच उचलली. सूनबाईंनी माझा हात दाबला.

लिफ्ट आली. अक्का आत शिरता शिरता थांबली, वळली आणि काकांकडे चष्म्यावरून पाहिलं. नव्या दातांनी एकेक अक्षर स्वच्छ कापत म्हणाली, "बाळ्या, ते पावणेतीन तासांचं गणित. तुला ते परवा सुचलं की आधीपासून कळत होतं?"

"आधीपासून."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, अक्का."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?"

काका म्हणाले, "तेव्हा तुझ्या तोंडात दात होते."